कार्मेलवरचं धुकं

त्सिला : तीन मजले चढलास? या गुडघ्यांनी? पत्र टाकायचं होतंस, नफ्ताली.

नफ्ताली : गेल्या वर्षी टाकलं होतं. न फोडता परत आलं. त्याच्या आदल्या वर्षी दारातूनच वाटेला लावलंस.

त्सिला : म्हणजे ही तिसरी खेप. वा! उद्याच्या उपासाआधी तीनदा माफी मागायची, समोरच्याने तीनदा नाही म्हटलं की मागणारा मोकळा. एवढं आपलं ज्यू शास्त्र बरं लक्षात राहिलं तुला! भर उपासाच्या दिवशी गच्चीत उभा राहून सिगरेट ओढायचास.

नफ्ताली : आता धरतो उपास. माझी ब्रूरिया गेल्यापासून. तिचा उपास घरात कुणीतरी धरायला हवा ना.

त्सिला : बस खुर्चीवर. धाप लागली आहे तुला. पाणी पी, सूर्य बुडेपर्यंत चालतं.

नफ्ताली : माफ कर, त्सिला.

त्सिला : कशाबद्दल? नीट सांग.

नफ्ताली : पेपरात छापलं त्याबद्दल.

त्सिला : ‘बाईंनी कार्मेल डोंगराला पोलंडचं धुकं पांघरलं आहे. ज्यांना इथलं ऊन सोसत नाही, त्यांनी इथे चित्रं काढू नयेत.’ सत्तावीस वर्षं झाली, पाठ आहे मला. त्यानंतर एकही प्रदर्शन केलं नाही मी. शाळेत पोरांना सफरचंदं काढायला शिकवली. हजारो सफरचंदं, नफ्ताली.

नफ्ताली : माहीत आहे.

त्सिला : एकच म्हण. चित्रं चांगली होती, आपली चूक झाली. मग देते माफी. घरात तिसरं कुणी नाही ऐकायला.

नफ्ताली : आजच्या दिवशी खोटं बोलू?

त्सिला : बोल की. उद्या दिवसभर देवापुढे उभा राहणारच आहेस, त्याचीही माफी माग.

नफ्ताली : धुकं होतं, त्सिला.

(खाली रस्त्यावर उपासाआधीची शेवटची बस निघून जाते.)

त्सिला : तसाच राहिलास. खडूस.

नफ्ताली : पण तेव्हा एक गोष्ट लिहिली नाही. त्या आठवड्यात मी बंदराचं चित्र काढत होतो. तुझं प्रदर्शन पाहून घरी आलो आणि माझ्या चित्राकडे पाहिलं, तर तेच राखाडी. तस्संच. सुरी घेऊन सगळं खरवडलं, वर पिवळा थापला. हात धुतले आणि तुझ्यावर लिहायला बसलो. तेव्हापासून पिवळाच लावतोय. लोक म्हणतात, काय हा आपल्या देशाचा उजेड!

त्सिला : आणि तुला काय वाटतं?

नफ्ताली : पिवळ्या भिंती वाटतात. आता ब्रशही धरवत नाही. थकलो.

त्सिला : सगळं खरवडलंस?

नफ्ताली : सगळं.

त्सिला : अरे, कुणाकुणाला खरवडलंस मग? माझ्या धुक्यात माझी माणसं उभी होती. ती युद्धात तिकडेच मारली गेली, या उन्हापर्यंत पोचलीच नाहीत. धुकं पुसलं असतं तर त्यांना ठेवलं कुठे असतं मी?

नफ्ताली : मी विचारलं नाही.

त्सिला : नाहीच विचारलंस. तासभर फिरलास, वही भरलीस. मी कोपऱ्यात सरबताचे पेले घेऊन उभी. एक पेला उचललास, थँक्यू म्हणालास आणि गेलास.

नफ्ताली : मग त्या वाक्याची माफी नको. विचारलं नाही, त्याची दे.

त्सिला : मीही थकले रे. रागसुद्धा किती वर्षं पोसायचा? रोज त्याचंही उठून करावं लागतं.

नफ्ताली : ती चित्रं?

त्सिला : त्या पलंगामागे. भिंतीकडे तोंड करून.

नफ्ताली : वळवू?

त्सिला : तुझ्याने होईल का? एक बाजू मी धरते. सावकाश. सूर्य बुडायला किती वेळ आहे?

नफ्ताली : असेल तासभर.

त्सिला : पुरेल. चष्मा लाव.

नफ्ताली : कोण कोण आहे यात?

त्सिला : उजवीकडून ये. तो पूल दिसतो? त्याच्याजवळ, शालीतली. ती आई.