मालनबाईंची न सांगता येणारी किल्ली

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ज्याला गुपित ठाऊक आहे, तो ते राखतो — की ज्याला ठाऊकच नाही, तो? हसू नका! पुढच्या रांगेतल्या काकू, तुम्ही तर मुळीच हसू नका. तुमच्या सुनेला दिवस गेलेत हे मला गावात शिरताच रिक्षावाल्यानं सांगितलं!

तर आख्यान आहे निंबळे गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं. तिथं ग्रंथपाल मालन गायधनी. सव्वीस वर्षांची नोकरी. या बाईनं काय केलं? वाडीवाडीत हिंडून म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. दोनशे दहा ओव्या! गाणाऱ्या एकेक करून गेल्या, आवाज तेवढे राहिले. ते सगळे वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरून एका ऑनलाइन खात्यात ठेवलेले. आणि त्यांत एक आवाज मालनबाईंच्या आईचा — भागूबाईंचा. घरात त्या माउलीचा फोटोसुद्धा नाही हो. आवाज आहे, तो तिथंच.

आता खातं म्हटलं की पासवर्ड आला. आणि वाचनालय म्हटलं की — अध्यक्ष आले! दादासाहेब ठोसर. मोठा माणूस! स्वतःच्या सत्काराचं आभारप्रदर्शनही स्वतःच करणारा! दादासाहेब म्हणाले, "संस्थेत काहीही ठरावाशिवाय होणार नाही." म्हणून पासवर्ड ठरला कार्यकारिणीच्या सभेत! सूचक अमुक, अनुमोदक तमुक, एकमतानं मंजूर! पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून कायम केलं — पासवर्डसकट! आणि नियमच आहे ना, ठरावाची प्रत सूचना फलकावर लावायची. लावली! चार टाचण्या मारून! काय ही पारदर्शकता, मंडळी! चोराला विचारायचीही तसदी नको!

व्हायचं तेच झालं. कोणीतरी खात्यात शिरलं आणि अकरा ओव्या पुसून गेलं. त्या अकरा जणींपैकी एकही हयात नाही. पुन्हा गाणार कोण? मालनबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आणि दादासाहेबांनी? त्यांनी सभा घेतली आणि नवा पासवर्ड ठरवला. सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, टाचण्या!

मग मालनबाई गेल्या तालुक्याला, भाच्याकडे. ती पोर बँकेत कॉम्प्युटर सांभाळते — हो, भाची! भाच्याकडे म्हटलं मी? जीभ आहे, घसरते. म्हणून तर हे आख्यान! भाची म्हणाली, "मावशी, पासवर्ड काढूनच टाक. पासकी घे." आता पासकी म्हणजे काय? तबलजी, तुम्हीही ऐका, ठेका राहू दे. किल्ली तुमच्या फोनात बनते आणि तिथंच राहते. खरं संकेतस्थळ विचारतं, "कोण?" तुम्ही फोनला बोट लावता. फोन आतल्या आत उत्तर देतो. झालं! पाठ करायला काही नाही, लिहायला काही नाही. ती किल्ली तुम्हाला स्वतःलाही वाचता येत नाही!

मालनबाईंनी रीतसर अर्ज दिला. तो सभेत वाचायला घेतला, आणि तेवढ्यात भजी आली. अर्ज न वाचताच मंजूर! भज्यांनी या देशात फार मोठमोठी कामं केली आहेत. एक पासकी मालनबाईंच्या फोनात, दुसरी चिटणीस सखदेवांच्या फोनात — फोन हरवला-बिरवला तर असावी म्हणून. सखदेव मान डोलवणारा माणूस, आपण कशावर बोट ठेवलं हेही त्यांनी विचारलं नाही.

महिना गेला. दादासाहेबांना ईमेल आला. 'आपल्या वाचनालयाचं खातं उद्या कायमचं पुसलं जाईल. वाचवायचं असेल तर इथे दाबून प्रवेश करा.' दादासाहेबांनी दाबलं! पान उघडलं — तसंच चित्र, तसेच रंग. पानानं पासवर्ड मागितला. दादासाहेब तरातरा मालनबाईंपुढे.

"बाई, पासवर्ड सांगा!"

"दादासाहेब, तो आता नाही. किल्ली आहे, फोनात."

"मग किल्ली सांगा!"

"ती मला माहीत नाही."

"माहीत नाही? संस्थेची किल्ली, आणि ग्रंथपालांना माहीत नाही?"

"खरंच नाही हो. ती कोणालाच माहीत नसते."

आता सांगा मंडळी, सव्वीस वर्षांत या बाईनं एक पुस्तक हरवलं नाही. पण उत्तर खरं होतं ना, म्हणून ते उद्धट वाटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी तातडीची सभा. विषय एकच — किल्ली लपवल्याबद्दल ग्रंथपालांना कामावरून काढणे. नोकरी गेली की फोनातली किल्ली काढून घेणार, खातं दादासाहेबांच्या हाती. आणि मग फलक, आणि टाचण्या!

टेबलावर कॉम्प्युटर. दादासाहेबांनी ईमेलमधलं पान उघडलं. "लावा बोट! सगळ्यांसमोर लावा!"

मालनबाईंनी फोन पुढे केला. फोन काही विचारेना. पुन्हा केला. ढिम्म!

"पाहिलंत?" दादासाहेब गरजले. "किल्ली खोटी, बाई खोट्या! सखदेव, लिहा!"

सखदेवांनी पेन उघडलं. सगळं गेलं, आईही गेली, असंच वाटलं मालनबाईंना. पण सव्वीस वर्षांची सवय — कोणतंही पुस्तक हातात आलं की आधी ते कुठून आलं ते बघायचं.

"दादासाहेब, हे पान कुठून उघडलंत?"

"ईमेलमधून. का?"

मालनबाईंनी ते पान तसंच ठेवलं आणि शेजारी रोजचं पान उघडलं. फोन थरथरला! बोट लावलं — खातं उघडं! दोन्ही पानांचे पत्ते वाचले. वेगळे! दादासाहेबांचं पान चोराचं होतं. माणसाला ओळखता आलं नाही, पण किल्लीला ओळखता आलं. ती चोराच्या कुलपात गेलीच नाही! पासवर्ड असता तर दादासाहेबांनी स्पष्ट उच्चारात सांगितला असता.

मालनबाईंनी आवाज लावला. जातं घरघरलं. भागूबाई गात होत्या. आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "मालन, पाण्याचा तांब्या आण गं, घसा सुकला." मंडळी, मालनबाई खुर्चीतून उठल्याच! अर्ध्या उठल्या, आणि मग रडल्या. सभेत कोणाला मान वर करवेना.

दादासाहेबांनी मात्र केली! ठराव झाला — 'अध्यक्षांच्या दक्षतेमुळे चोराचा डाव उधळला, सबब अभिनंदन.' एकमतानं मंजूर. पण कामावरून काढण्याचा विषय लिहिलेलं पान सखदेवांनी फाडून खिशात घातलं. मान डोलवणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं!

हसलात दादासाहेबांना? छान. आता ज्याचा पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव आणि लग्नाचं साल आहे, त्यानं हात वर करा. करू नका, करू नका! चेहऱ्यांवरून कळलं!

आणि देवळात तरी काय करता? तिथंही पासवर्डसारखे पाठ केलेले शब्द टाकता. ओठ आरतीत, डोळे चपलांवर. अहो, शब्द तर पोपटही म्हणतो, चोरही म्हणतो, पैसे घेऊन मीही म्हणतो! तुमच्याऐवजी हजर राहणं मात्र कोणालाच जमत नाही. आतला देव तुमचे शब्द तपासत नाही. तो एवढंच विचारतो, "तू आलास का?" तास झाला मी बोलतोय, मंडळी. इथं बसलेल्यांपैकी आला कोण कोण? जे आले असतील त्यांनी त्याचं नाव घ्या. बाकीच्यांनी ऐका, आणि घरून स्वतःला घेऊन या!