उभा तुरा, निळं अंडं

...हसा, हसा! पण तेमुकोच्या कोंबडी-प्रदर्शनात भर सभेत छाती ठोकून बोललं कोण? मीच, हा नीबाल्दो! म्हणालो, पुढच्या वर्षी उभ्या तुऱ्याची कोंबडी आणतो, आणि तीही निळं अंडं देणारी! आता निळी अंडी आमच्याकडे घरोघरी, पण ती देणारीचा तुरा कसा? बसका, डोक्यावर चिखल थापल्यासारखा... मला हवा होता ऐटबाज, लालभडक, करवतीसारखा.

मग काय, निळ्या अंड्यांवालीला उभ्या तुऱ्याचा, तपकिरी अंड्यांच्या घराण्यातला कोंबडा दिला, त्यांच्या पोरींना पुन्हा तसलाच दुसरा. साठ तलंगा झाल्या, कोवळ्या कोंबड्या. तीस बसक्या, सगळ्यांची अंडी निळी. तीस उभ्या, आणि जी घालायला लागेल तिचं अंडं तपकिरी! तुम्हाला सांगतो, मी खुराड्यासमोर डोकं धरून बसलो.

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या आयेलेनबाई म्हणाल्या, "नीबाल्दोभाऊ, बीज तयार होताना आईकडचा आणि बापाकडचा धागा शेजारी येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, मग वेगळे होतात. तुरा आणि अंड्याचा रंग त्या धाग्यावर शेजारी-शेजारी, म्हणून जोडीनंच जातात. शंभरात चार-पाचदाच नेमकं त्यांच्या मधे तुटतं. धीर धरा."

धीर! मी! चुलीपाशी सासूबाई, दोन्या क्लोरिंदा, भोपळा चिरता चिरता म्हणतात कशा, "याच्या घराण्यात हे नाक आलं की घाई आलीच. एकाच गाठोड्यात!" बापाचं नाक असंच होतं हो, आणि तोही मका कोवळाच तोडायचा...

एकोणतीस उभ्या तपकिरीवर गेल्या. तिसावी घालेचना! रविवारी प्रदर्शन, गुरुवारी माझं टाळकं सरकलं. म्हटलं, सासूबाई, हिची कासुएला करा, भरपूर रस्सा ठेवा. एकाच गाठोड्यात, दुसरं काय!

थोड्या वेळानं सासूबाई आल्या. तळहातावर अंडं. कोंबडीच्या पोटातनं निघालेलं, कवच धरलेलं, सकाळी घातलंच असतं तिनं... निळं. अगदी निळं! अंडं माझ्यापुढे ठेवलं, ताट वाढलं. रडू येत होतं हो, खरंच. दोन वाट्या प्यायलो.

रविवारी सभेत अंडं दाखवलं. सगळे विचारतात, कोंबडी कुठाय? मी पोटावरून हात फिरवला.

आणि काल बायको बाळंत झाली. मुलगी. नाक माझंच. म्हटलं, असू दे, शंभरात चार-पाचदा तुटतं की मधे! सुईणीला विचारलं, सगळं ठीक ना?

म्हणाली, ठीक आहे, फक्त तीन आठवडे आधीच आलीय.