आबांना नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा

आता हसू येतं, पण नोकरी सोडल्याचं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायची मला लई भीती वाटत होती. हिंगोलीत मी बी-बियाण्याच्या दुकानात होतो. गेल्या सालचं उरलेलं बियाणं चांगलं म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, याचा जीवाला वीट आला होता. सुट्टीत आबांच्या शेळ्यांमागं रानात गेलो की बरं वाटायचं. शेवटी मालकाला नमस्कार केला आणि गावाकडं जायला औंढ्याच्या एसटीत बसलो.

आबा शेळ्यांना पाला टाकत होते. पोरगं खुर्चीवर बसतं, हे गावभर सांगणारा माणूस.

"आबा, नोकरी सोडली. मी आता शेळ्या राखतो."

आबांनी हातातला पाला खाली ठेवला. मग म्हणाले, "बराबर इचार केलास?"

"व्हय."

ते हळूच बाजेवर टेकले. "माझे गुडघे गेलेत बाबा. येत्या बाजाराला समद्या शेळ्या इकणार होतो."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"खुर्चीवरल्या लेकराला शेळ्यांमागं ये, असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

त्या दिवशी आम्ही दोघंही पोटभर जेवलो.