देशमुखाच्या मोटारीची पुढची सीट

मी अमडापूरचा, शेख करीम, पन सारे करीम मिस्त्रीच म्हनत. बाप बंडीच्या चाकाले लोखंडी धावा चढवे, त्याच्या भट्टीजोळ लहानाचा मोठा झालो, मंग खामगावले मोटारीचं काम शिकलो. तवा वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं अन् मोटार आली का लोक वावरातून सडकेवर येत.

तं आमच्या देशमुखाईजोळ एक जुनी विलायती मोटार होती, वर कापडी टप, लाकडी आऱ्याचे चाकं, पितळी दिवे, ते दिवे देशमुख सोता पुसत. त्याईले ती विकाची होती. खामगावचा एक कापूसवाला पाहून गेला, म्हने, कंपनीतून निंगाली तशीच आहे म्हनून घेऊन राह्यलो, एक खिळाही बदलला तं मले नाई पायजे.

अन् इकडे बाई, देशमुखाची बायको. काय सांगू तुम्हाले, माझ्या निकाहात तिनं सोता लुगडं धाडलं होतं. ती विहिरीच्या पायऱ्यावर पडली तवापासून डावा गुडघा वाकतच नव्हता. तिची माय जळगाव जामोदले, आंधळी झालेली, निरोपावर निरोप, एकदा येऊन जा. बंडीत बाईले कळ सोसे ना, अन् मोटारीत पाय ठेवाले जागा नाई.

देशमुख म्हने, करीम, बाई बसली पायजे अन् किंमतही मोडली नाई पायजे. मी हाव म्हनलं. गाडीखालच्या कमानीच्या, म्हंजे स्प्रिंगच्या, दोन पट्ट्या काढल्या, गाडीचे धक्के नरम झाले. भोक न पाडता कड्यात अडकवाची पायरी केली. हे सारं परत जसंच्या तसं होत होतं. पन पाय? पुढची सीट कापल्याशिवाय तो ताठ पाय आत मावे ना, अन् कापली का गिऱ्हाईक गेलं. तीन दिवस मी नुसता टेप लावून पाहे.

बाईले समजलं. ओसरीतून म्हने, करीमभाऊ, नको कापू, माय समजून घेते. देशमुख तिथंच दिवे पुसून राह्यले होते. त्याईनं फडकं ठेवलं, माझ्या हातातला खडू घेतला, तिले म्हने, ये बस, पाय सोड. ती मोठ्या मुश्किलीनं मांगच्या सीटवर बसली, अन् जिथं तिचं पाऊल पुढच्या सीटले टेकलं तिथं त्याईनं रेघ वढली. काप म्हने. मी म्हनलं, मालक, इचार करा. तं म्हने, इतके वर्षं इचारच केला रे, तिले कुठी नेलं नाई.

सीट कापली. जळगावले गाडी मीच चालवली, देशमुखही संग होते. पूर्णेच्या वाळूत चाक रुतलं, लोकाईनं ढकललं, बाई आत हासत होती. जळगावले पोचलो तं तिले उतरवत नव्हतं, म्हातारी मायच चाचपत चाचपत मोटारीजोळ आली, आमी म्हातारीले आत बसवलं, अन् त्या मायलेकी दिवस बुडेपर्यंत सीटवरच बोलत बसल्या. म्हातारी लेकीच्या त्या ताठ पायावरून हात फिरवत राहे. देशमुख निंबाखाली पाठ करून उभे.

मंग तो खामगावचा कापूसवाला आला, कापलेली सीट पाह्यली, चहा पिऊन गेला. मंग कोनीच ती गाडी घेतली नाई. बाई मात्र महिन्याच्या महिन्याले मायजोळ जाऊन आली, म्हातारी गेली तवाही उशाशी होती.

आता देशमुख नाई, बाई नाई, मलेही पाना धरवत नाई. कोनी येते, म्हनते, चाचा, गाडीत हे बदललं तं विकताना नुकसान होते का? मी म्हनतो, होते बाबा, थोडं होते, पन आदी सांग, बसवाचं कोनाले आहे. बरं, तुम्ही निंगा आता, ऊन चढून राह्यलं. तुमच्या घरचे सारे सुखानं जावोत, सुखानं येवोत.