दोरीवरचे दोन शर्ट

मंडळी, बसून घ्या. मला भाषण येत नाय. मी शकुंतला. गुलमंडीत कापडाचं दुकान आहे माझं. पण त्याआधी मी जाधव सरांची पहिली विद्यार्थिनी. छावणीतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये सरांनी मला ज्युदो शिकवला. परवा सर गेले.

बाहेरचा फ्लेक्स पाहिला? सरांचा फोटो पासपोर्टएवढा. खाली आपला विकास, हाताची घडी, काळा गॉगल. श्रद्धांजली आहे का निवडणूक? वर लिहिलंय, "सरांचा वाघ". वा रे वाघ!

या वाघाची शिकार सांगते. महिन्यामागं सरावात किसननं हार मानली, सोड म्हणून हात आपटला. यानं सोडलं नाय. हात मोडला पोराचा. किसन वैजापूरचा, इथं खोलीवर एकटा. सरांचा नियम सगळ्यांना माहिती. जोडीदाराला जखमी केलं, की तो बरा होईस्तोवर त्याचे कपडे तुम्ही धुवायचे. मीही धुतलेत. लई लाज वाटायची. पुन्हा कुणाचा हात पिरगाळताना ती बादली आठवायची.

विकास काय म्हणाला? "मी फायटर आहे, धुणं धुणार नाय." सर म्हणाले, "बरं." एवढंच. अन् हा गावभर सांगत फिरला, सर मला टरकतात! अरे, त्या वयातही सरांनी तुला आडवं केलं असतं. राग त्यांनाही यायचा. मुठी त्यांच्याही वळायच्या. त्या त्यांनी आवरल्या. तुला साधी पकड सोडता आली नाय! हॉलमध्ये मित्रांवर जोर, अन् स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी. आणि याला टाळ्या वाजवणारे तुम्ही. व्हय, तुम्हालाच म्हणतेय.

काल सरांच्या घरी काकूंकडं गेले. दोरीवर किसनचे दोन शर्ट होते. काकू म्हणाल्या, "हे स्वतः धुवायचे गं त्याचे कपडे. म्हणायचे, विकासला मीच नीट शिकवलं नाय. परवाही धुतले, वाळत घातले, अन् खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत." ते शर्ट काढायला माझा हात धजेना.

विकास, क्लास चालवायला सकाळपासून हॉलची किल्ली मागतोयस ना? काकूंनी ती माझ्याकडं दिलीय. ही बघ. आणि ही पिशवी. किसनचे मळके कपडे आहेत. आधी पिशवी उचल. त्याचं प्लास्टर निघेस्तोवर धू. मग किल्लीचं बोलू.

आता सगळे उभे राहा. सरावाआधी वाकायचो तसं सरांच्या फोटोपुढं वाका. सर "उठा" म्हणेपर्यंत आपण मान वर करत नव्हतो. आज ते म्हणणार नाहीत. ज्यानं त्यानं आपलं ठरवावं, मान कधी वर करायची.