कडूबाई ऊर्फ सुरेखा यांचं जर्मनीतलं खातं

…आणि वर विचारतात काय, तर म्हणे, 'ही दुसरी बाई कोण?' अहो, दुसरी कुठली? एकच बाई! शेवगावच्या दवाखान्यात सोळा वर्षं सिस्टर म्हणून राबलेली, निम्म्या तालुक्याला सलाईन लावलेली बाई, आणि तिला जर्मनीतली एक बँक विचारते, की तुम्ही दोघी आहात का! तुम्हाला सांगतो, डोकं फिरायचीच पाळी! आणि करायचं काय होतं? खातं उघडायचं होतं हो, साधं खातं! बँक विकत नव्हती मागितली कुणी!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मधूनच काय ओरडायला लागला. तर आमच्या सुरेखाताई भापकर. गाव शेवगावपासून नऊ किलोमीटर, नवरा वैजनाथ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मुलगी दिशा बारावीला, आणि घरात सासू छबूबाई. या सुरेखाताईंनी काय करावं? वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी जर्मन शिकायला घेतलं. मोबाइलवर! भाकरी थापता थापता त्या परक्या भाषेतलं पुटपुटायच्या, आणि छबूबाईंना वाटलं सुनेला बाहेरचं काही लागलं. दोनदा मीठमोहऱ्या ओवाळल्या त्यांनी… दोनदा! पुण्याला परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. आणि मग तिकडच्या एका वृद्धाश्रमाचं पत्र आलं, की या, सहा महिने आमच्याकडं थोड्या पगारावर शिका, मग नोकरी पक्की. गावानं पेढे खाल्ले. वैजनाथनं नवा शर्ट शिवला. जायचं हिनं आणि शर्ट यानं!

पण त्या सहा महिन्यांचा खर्च आधीच तिकडच्या बँकेत, स्वतःच्या नावावर ठेवून दाखवायचा, तरच व्हिसा. मुंबईची व्हिसाची तारीख मिळाली एकवीस. ती चुकली की पुढची चार महिन्यांनी, आणि वृद्धाश्रम काय चार महिने जागा धरून बसतोय? इकडं दवाखान्याचा राजीनामा देऊन झालेला. हातात दिवस अठरा. आता सांगा, अठरा दिवसांत माणूस लग्न जमवून, लावून, नवरानवरीला देवदर्शनाला धाडून मोकळा होतो. आणि इथं तर खातं उघडायचं होतं हो, साधं खातं!

शेवगावला स्टँडजवळ राधाकृष्णकाकांचं दुकान आहे. पूर्वी टायपिंग क्लास होता, आता ऑनलाइन फॉर्म भरून देतात, पण बोटं अजून टाइपरायटरच्याच जोरानं आपटतात. तर काकांनी फॉर्म उघडला. 'अनिवासी अर्जदार' अशी टिक करायची होती.

"म्हंजी कोन हो काका?"

"जे तिथं ऱ्हात न्हाईत ते."

"मग बरुबर हाय. करा टिक."

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग आला रकाना, 'जन्माच्या वेळचं नाव'. ताई म्हणाल्या, "कडूबाई." काकांची बोटं थांबली. "ताई, कशाला उगं? सुरेखाच लिवू की." ताई म्हणाल्या, "न्हाई काका. परक्या देशातल्या पहिल्याच कागदावर खोटं न्हाई लिवायचं."

आता तुम्हीच सांगा, आपल्याला यात काही नवल आहे का? माहेरचं नाव कडूबाई, लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं सुरेखा. शाळेचा दाखला कडूबाईचा, नर्सिंगचा सुरेखाचा. घरोघरी असंच आहे! पण चौथ्या दिवशी बँकेचं उत्तर आलं, 'आपल्या अर्जात दोन व्यक्ती आढळतात. कृपया दुसऱ्या व्यक्तीलाही ओळख पटवण्यासाठी हजर करावे.' हजर करावे! कुठून करायची? आरशातून?

ताई शांत. त्या रात्रपाळ्या केलेल्या बाई, लवकर भडकत नाहीत. त्यांनी तिथंच दुकानात बसून, स्वतःच्या हातानं, जर्मनमध्ये दोन ओळी लिहिल्या. काकांनी विचारलं, "काय लिवलं?" तर म्हणाल्या, "माझ्या आधीची तीन लेकरं गेली. चौथी तरी मरनाला कडू लागावी म्हनून आईनं कडूबाई नाव ठेवलं. अन् मी जगले." काका चष्मा पुसत बसले.

आणि बँकेचं उत्तर काय? 'धन्यवाद. कृपया याचा पुरावा जोडावा.'

पुरावा! अहो, ती जिवंत बसलीये ना समोर, आणखी कसला पुरावा? पण नाही! मग तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र, की कडूबाई आणि सुरेखा ही एकच बाई आहे. त्यावर सही मागितली दोन्ही नावांची! दोन सह्या, एक बाई, चार तास रांग. मग नगरला जाऊन भाषांतर, त्यावर शिक्का. सहा दिवस गेले.

मग पत्ता. घर नंबर एकशे चौदा, मारुतीच्या देवळामागं. काकांनी तसंच टाइप करून पाठवलं. बँकेनं विचारलं, 'श्री. मारुती हे आपले घरमालक आहेत का?' हसू नका! तुम्ही हसताय, तिकडं वैजनाथला ताप भरला होता! लाइटचं बिल जोडलं, तर ते सासऱ्यांच्या नावावर, किसनरावांच्या. बँक म्हणे, 'श्री. किसन यांचे संमतिपत्र पाठवावे.' ताईंनी कळवलं, ते वारून चौदा वर्षं झाली. 'मग बिल कोण भरते?' आम्ही. 'मग नाव त्यांचे का?' आता याला जगात कुणाकडं उत्तर आहे का? वीज मंडळाकडंसुद्धा नाही! आणि शेवटी म्हणे, 'रस्त्याचे नाव कळवावे, त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.'

गल्लीला नावच नाही हो आमच्या! कधी लागलंच नाही. वैजनाथ पळत ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं गेला. भाऊसाहेब म्हणाले, "दाखला देतो, पर नाव कुटून आनू? ठराव लागंल. नशीब तुझं, उद्याच मासिक सभा हाय." झालं! सभेत एक मेंबर म्हणाला, माझ्या वडिलांचं नाव द्या. दुसरा म्हणाला, मग माझ्या वडिलांनी काय घोडं मारलं? दोन तास वडीलच वडील! वैजनाथ हात जोडून उभा, "कुनाच्याबी बापाचं द्या, पर आज द्या!" शेवटी भाऊसाहेबांनी तोड काढली, 'गल्ली क्रमांक एक' म्हणा. तेवढ्यात बाकीच्या गल्ल्या उठल्या. "ते एक, मग आमी काय दोन नंबरचे हाय व्हय?" तुम्हाला सांगतो, आमच्या गावात आज चार गल्ल्या आहेत, आणि चारीच्या चारी क्रमांक एक! पण ठराव झाला, दाखला मिळाला, पुन्हा नगर, पुन्हा भाषांतर, पुन्हा शिक्का. तारीख अठरा. आणि एवढं सगळं कशासाठी? खातं उघडायचं होतं हो, साधं खातं!

आता राहिलं शेवटचं. मोबाइलवर समोरासमोर ओळख पटवायची. वेळ एकोणीस तारीख, दुपारी साडेबारा. अट अशी, की खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. आता खेड्यातल्या घरात दुपारी बाई एकटी? दारात अर्धी गल्ली क्रमांक एक उभी होती. त्यांना वैजनाथनं हाकललं. पण छबूबाई? त्या धान्याच्या कोठीमागं बसून राहिल्या. "माझ्या घरातून मी कुटं जाऊ?"

पडद्यावर एक गोरापान इसम आला. "आपण खोलीत एकट्याच आहात?" ताई "हो" म्हणाल्या, आणि कोठीमागून खोकला आला. "कोण आहे तिथे?" "सासूबाई." "त्यांना कृपया बाहेर जायला सांगा."

सुनेनं सासूला तिच्याच घराबाहेर काढायचं! छबूबाईंना जर्मन कळत नाही, पण सुनेचा चेहरा कळला. त्या उठल्या त्या थेट कॅमेऱ्यात. त्या माणसाला पडदाभर छबूबाईंच्या कपाळावरचं गोंदणच दिसलं असेल. "ह्यो कोन रं मला भाईर काढनारा? ह्या घराच्या चौकटी माझ्यासमोर बसल्यात!" त्या माणसाचा आवाज एकदम गंभीर झाला. "आपल्यावर कोणी दबाव टाकत आहे का?" आणि फोन बंद. अर्ज स्थगित! दुसरी वेळ मिळाली वीस तारखेची, सकाळी अकराची. दुसऱ्या दिवशी मुंबई!

त्या संध्याकाळी ताई पहिल्यांदा रडल्या. पायरीवर बसून, आवाज न करता. छबूबाईंनी ते बघितलं. सकाळी दहालाच त्या बाहेर पडल्या आणि दाराला पाठ लावून, हातात काठी घेऊन उंबऱ्याबाहेर बसल्या. वैजनाथला आत जाऊ देईनात! "ती यकटी पायजेल म्हनून सांगितलंय ना? मग यकटीच!" मांजरसुद्धा परतवलं त्यांनी.

आत अकराला पडद्यावर कालचाच माणूस आला, आणि लाइट गेली. ताई खिडकीशी सरकल्या, पासपोर्ट उन्हात धरला. वर करा, तिरपा करा, डावीकडं बघा, आता उजवीकडं. मग त्यानं विचारलं, "हे खातं आपण कोणाच्या सांगण्यावरून उघडत आहात?" आणि ताईंनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, "कुणाच्याच नाही. तीन वर्षं सगळे नको म्हणत होते, तरी उघडतेय." तो माणूस म्हणाला, "आपलं जर्मन चांगलं आहे." दुपारी चारला खातं उघडल्याचा दाखला आला. वैजनाथनं जिनिंगमध्ये उसने-पासने करून आणि दागिने मोडून जमवलेले पैसे लगोलग तिकडं वळते केले, त्याची पावती घेतली, आणि रात्रीच्या गाडीनं दोघं मुंबईला. व्हिसा मिळाला!

गेल्या, एकदाच्या गेल्या! तिथं पोचल्यावर नियमाप्रमाणं नगरपालिकेत नाव नोंदवलं. आठ दिवसांनी बँकेचं पत्र, 'अभिनंदन! आपण आता येथील निवासी झाला आहात. त्यामुळे अनिवासींचे खाते आपणास ठेवता येणार नाही. ते बंद करून नव्याने अर्ज करावा.'

वैजनाथ म्हणाला, असू दे, तोवर पगार आपल्या शेवगावच्या खात्यात मागवू. गेला बँकेत. तिथल्या प्रणिता मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "काका, त्या परदेशात गेल्या ना? मग त्या आता आपल्याकडं अनिवासी झाल्या. हे साधं खातं चालणार नाही, बदलून घ्यावं लागेल."

घरी येऊन त्यानं सांगितलं. छबूबाईंनी दोनदा समजून घेतलं. "म्हंजी तिकडं ऱ्हाती म्हनून तिकडचं बंद, अन् हितं ऱ्हात न्हाई म्हनून हितलं बंद? मग पगार टाकत्यात कुटं, वाऱ्यावर?" त्याच दिवशी सुरेखाताईंचा व्हिडिओ कॉल आला. वैजनाथ तावातावानं सांगायला लागला, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आहो, ऱ्हाऊ द्या. आश्रमात एक ब्याण्णव वर्षांचे आजोबा हायेत, जन्म सगळा हितलाच. त्यांना सगळं सांगितलं मी, अठरा दिवसांत खातं उघडलं ते. तर माझा हात धरला त्यांनी अन् म्हनले, पोरी, नशीबवान हाइस. मी माझं अकरा वर्षं झाली बंद करायला बघतोय."