दोन रेघांची खूण

अध्यक्षस्थानी असलेले आमचे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कृष्णात सर, वहिनी, आणि सांगलीबाहेरूनही आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी दीक्षा. लॅबोरेटरीत रिपोर्ट टाइप करते. हे भाषण सात वेळा तपासलंय. वडूजला माझी पहिली शाळा घरातच झाली. वडील लिहिलेली ओळ शेवटाकडून वाचायला लावायचे, म्हणजे चूक सापडते. पण जे लिहायचंच राहिलं, ते कसं सापडणार?

समोर विट्याचे आप्पासो बसलेत. त्यांना विचारूनच सांगते. पंच्याण्णव साली कॅन्सरमुळे त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातलं पीएसए, म्हणजे ती ग्रंथी तयार करते ते प्रथिन, आपण तपासतो. ग्रंथीच काढली, म्हणजे ते जवळपास दिसायलाच नको. आपलं यंत्र ०.१ च्या खालचं मोजत नाही, म्हणून आकड्याआधी 'पेक्षा कमी'ची, दोन तिरक्या रेघांची खूण येते. ती टाइपरायटरवर नाही. जागा सोडून शाईनं काढायची. एकदा आप्पासोंच्या रिपोर्टवर मी ती विसरले, नुसतंच ०.१ गेलं. गर्दीत सरांची सहीही झाली.

तिसऱ्या दिवशी कार्बन प्रत फायलीला लावताना मला ते दिसलं. मी रडतच सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "विट्याची गाडी कितीला हाय?"

आम्ही दोघं विट्याला पोहोचलो, तेव्हा आप्पासोंच्या पत्नी भामाबाईंनी दार उघडलं. आप्पासोंपुढे जुना आणि नवा, दोन्ही रिपोर्ट होते.

"परत उगवलं न्हवं?" ते म्हणाले. "पोराला तार केलीया. कोइमतूरचं दुकान मोडून ये म्हनून."

सरांनी पेन काढून खूण केली. "आवं, यंत्राला काय दिसलंच न्हाई, असा अर्थ हाय. पोरीकडं बघू नका. सही माझी हाय."

आप्पासोंची हयात सोनं गाळण्यात गेली. कागद उजेडाला धरून त्यांनी ती खूण निरखली.

"म्हंजी अजिबात न्हाई, असं न्हाई. काट्याला दिसत न्हाई."

"व्हय. म्हनून तर तीन महिन्यांनी परत यायचं."

"सोन्याचं बी तसंच. शंभर टंच, म्हंजी निव्वळ शुद्ध हाय, असं आमी कवाच बोलत न्हाई."

"दोन रेघांपायी तीन दिस जेवला न्हाई ह्यो मानूस," भामाबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे वळून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्या दोन रेघांसाठी सरांनी रजा टाकून एसटी धरली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मी त्यांच्याकडे बघायलाही धजले नाही. अजूनही नीट धजत नाही.

पुढच्या महिन्यात आपल्याकडे संगणक येतोय. त्यावर ती खूण आहे म्हणे. तरी सरांचं पेन मी मागून घेतलंय.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलताना एखादी खूण राहिली असेल, तर आपण ती आपल्या हातानं भरून घ्यावी.